फलकामागील खिडकीची मोहीम

श्री. सोलापूर शहरी, बाळीवेशीअलीकडील चौकात, वैशाखमासी जे होते ते आधी मोजून मग हकीकत सांगणे उचित. तरी मोजदाद येणेप्रमाणे: फ्लेक्सचा फलक एक, रुंदी तीस फूट, उंची वीस, त्यावर गळ्यात हार घातलेली, हात जोडलेली थोरली छबी एक, शुभेच्छुकांच्या धाकट्या छब्या त्रेपन्न, वाघ एक, आणि फलकामागे पहिल्या मजल्यावर खिडकी एक, ती झाकलेली. खिडकीमागे खोली, खोलीत शेगडी, शेगडीपुढे चन्नम्मा.

थोरली छबी राजमान्य राजेश्री ॲडव्होकेट शिवप्पा बिराजदार यांची. हे आधी वकील. सोळा वर्षे तारखांवर तारखा घेतल्या, आणि एका पक्षकाराने निकालाची आशा सोडून आपला टॉवेलचा कारखाना वकिलांसच विकला, मग काळा कोट उतरवून कारखानदार झाले, आणि सत्कारोसत्कारी टॉवेल वाटता वाटता मुलूखभर ओळख झाली, मग पौषात नगरसेवकी हस्तगत केली. फलक त्या फत्तेचा. तो अद्याप उतरेना, कारण त्रेपन्न छब्यांच्या धन्यांनी एकमुखाने कळविले की, आमची छबी उतरेल त्या दिवशी आम्ही शत्रूच्या फलकावर चढू.

इकडे चन्नम्मा कडक भाकऱ्या करून पोट भरणार, आणि वारा बंद. तव्यापुढे दोनदा घेरी आली. खोली सोडावी तर गिऱ्हाईक तुटते, न सोडावी तर जीव जातो. बाईने राजेश्रींपुढे गाऱ्हाणे घातले.

राजेश्रींनी प्रथम वकिली आयुध काढिले. खलिता धाडिला की, खोलीत उष्मा असल्याचा पुरावा दाखल करावा. बाईने त्या खलित्यात शेंगाचटणी बांधून परत पाठविली. चटणी उत्तम निघाली, परंतु मोहीम फसली. मग कारखानदारी आयुध: घाम पुसण्यास एक डझन टॉवेल रवाना. त्यावर जबाब आला, "घाम पुसाया हात मोकळा कुटं हाय? वारं पाठवा की!"

मग लोकसेवक या नात्याने जातीने कूच केले. अंगी इस्त्रीचे जाकीट, हाती भिंतीवरचा तापमापक, तक्रार खोटी पाडावी हा मनसुबा. मागे खासा कार्यकर्ता मायाप्पा, मोबाइलवर चित्रण करीत. जिना चढून तापमापक खिळ्यास टांगिला. पारा चव्वेचाळीस. फितूर साक्षीदारास दटावावे तसे त्यास बोटाने टिचकाविले, तरी चव्वेचाळीस.

"बसा की सायेब, हितं तव्याजवळ," चन्नम्मा म्हणाली. "चार भाकरी हुस्तवर."

नाही म्हणणे पदास शोभेना. बसले. पहिल्या भाकरीस जाकीट गेले, दुसरीस सदऱ्याची बटणे, आणि मायाप्पा तर जिन्यापर्यंत माघारा हटला. तिसरीस राजेश्रींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्यांनी सुरी मागितली.

"सायेब, जपून!" मायाप्पा जिन्यातून ओरडला. "माजा फोटू वरच्या रांगंत हाय!"

परंतु फलक पाठीमागून कोरा पांढरा. कोठे कोण याचा नकाशा कोणापाशीच नव्हता, आणि वाऱ्यावाचून आता घटकाही निघेना. मग खिडकीच्या चौकटीबरहुकूम चार वार केले, तुकडा आत ओढिला, आणि डोके बाहेर काढून छातीभर वारा घेतला.

खाली चौकात रिक्षावाल्यांनी वर पाहिले, तो हार तोच, जोडलेले हात तेच, परंतु मुख घामाघूम आणि आ वासलेले.

"आयला, सायबांचा फोटू धापा टाकाया लागला की!"

तेव्हा राजेश्रींनी हातातील तुकडा उलटून पाहिला. मिशी ओळखीची निघाली.

"माजा न्हाय न्हवं?" जिन्यातून पृच्छा झाली.

"तुजा न्हाय," राजेश्री म्हणाले, आणि आपल्याच मिशीस हात लाविला.

"सायेब, ह्यो तुकडा ऱ्हाऊ द्या मला," चन्नम्मा म्हणाली. "भाकऱ्या सुकवाया ब्येस हाय. आनि ही चौथी तुमची, खावा गरम हाय तवर."

राजेश्रींनी चौथी भाकरी खिडकीत उभ्याने खाल्ली आणि हुकूम फर्माविला की, फलक जैसा आहे तैसा असावा, त्रेपन्न छब्यांस धक्का नसावा, मधली जागा चन्नम्मास बहाल. तेव्हापासून बाई वाऱ्यास खिडकीत येते, तेव्हा खाली जोडलेले हात असतात आणि जाणारे-येणारे नमस्कार करितात.

तापमापक घाईत खिळ्यासच राहिला. दुसरे दिवशी त्याच वेळी, त्याच तव्यापुढे, पारा चाळीस.