बिनतेलाचे माधवराव

मी चौथीपर्यंतच शिकलेली. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चुकलं असेल तिथे सांभाळून घ्या. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे माधवराव भाजीला तेल घालतात ते कानात औषध सोडायच्या ड्रॉपरने, हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नोकरीतून सुटल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. यांनी सुलतान बाजारातून ओव्हन आणला. दिवाळीनंतर अंबरपेठेत जराशी थंडी पडली आणि यांचा कारखाना सुरू झाला. रताळं, गाजर, बीट, मुळा, सुरण, मातीखाली सापडेल ते चिरायचं, वर ड्रॉपरने थेंब सोडायचे आणि भाजायचं. "थंडीत जमिनीच्या पोटातलं खावं वहिनी, आपलं पोट गरम राहतं." हे त्यांचं शास्त्र. माझ्या तरी चौथीपर्यंत ते आलं नव्हतं.

मग वाट्या घेऊन बिल्डिंगभर फिरायचं. दार उघडेपर्यंत घंटीवरचं बोट काढत नाहीत. सुरणाला चिंच लावायची असते, हे आमच्यात पोरीबाळींनाही ठाऊक. यांनी लावली नाही. सगळी बिल्डिंग घसा खाजवत बसली. मी भीत भीत सांगायला गेले तर म्हणाले, "काय परेशान होता वहिनी, ताकद चढायलीय!"

आमचे हे कोपऱ्यावरून गरम मिरची भजी घेऊन आले, तर माधवरावांनी जिन्यात अडवून पुडी हुंगली. "हौला झाला का भाऊ, डोकं फिरलं का? तेल आहे ते, जहर!" भाषण संपेपर्यंत भजी थंड. त्यांची वाटी मी रोज गुपचूप गाईला घालते. गायसुद्धा बीट बाजूला काढते.

भोगीच्या दिवशी मात्र हद्द झाली. भोगीची भाजी म्हणजे तीळ, दाण्याचं कूट, वर तेलाचा तवंग. यांनी ती ओव्हनमधून काढून आणली, तीही तिळाशिवाय. "तिळातून तेल निघतं," म्हणाले. सणासुदीलासुद्धा! मला कुणाला तोंडावर बोलता येत नाही. पण त्या दिवशी वाटी परत करायचीच ठरवून, ती पदराखाली धरून खाली उतरले.

दार उघडंच होतं. आत त्यांच्या पत्नी, सुमनताई. दिवाळीत त्यांच्या हृदयाला त्रास झाला, डॉक्टरांनी तेल बंद केलं, तेव्हापासून त्या बाहेर दिसल्या नव्हत्या. फार वाळल्या होत्या. समोरचं ताट त्यांनी लांब सरकवलं होतं.

"कालपण घास घेतला नाहीस," माधवराव म्हणत होते. "असं कसं चालायचं?"

"सगळ्यांनी सणाचं खायचं आणि मी एकटीने आजाऱ्याचं? नक्को मला."

"एकटी कुठं गं? अख्खी बिल्डिंग हेच खायलीय. वरच्या पार्वतीवहिनी तर मागून नेतात."

तेवढ्यात ताईंची नजर माझ्यावर पडली. "काय गं पार्वती, खरं?"

एवढे बोलणारे माधवराव, हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"हौ ताई." भरलेली वाटी मी पदरात आणखी आत दाबली. "आज सण, म्हटलं तुमच्याबरोबरच बसावं."

ताई जरा सरकल्या. माधवरावांनी मला वाढलं. मी घास घेतला, मग ताईंनी भाकरी मोडली.

भाजी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.