सोजरबाईंच्या हाताची मूळ प्रत

सन २००९ मध्ये मिसर देशाच्या प्राचीन चित्रलिपीतल्या पक्ष्यांना, सापांना आणि डोळ्यांना संगणकात एकेक क्रमांक मिळाला. शिरूर तालुका मागे पडतोय, हे तालुका लिपी समितीच्या तत्काळ लक्षात आलं. समिती त्याच सकाळी स्थापन झाली होती. आता चित्रलिपी आणायची कुठून? अध्यक्ष शंकरराव न्हावऱ्याच्या बाजारात गेले, तिथं वांगी विकणाऱ्या सोजरबाईंच्या उजव्या हातावर त्यांना गोंदण दिसलं: मोर, विंचू आणि एक वाकडी रेघ. राष्ट्रीय ठेवा सापडल्याच्या आनंदात त्यांचे वांग्यांचे पैसे द्यायचे राहिलेच.

समितीचा संगणक ऑपरेटर नवनाथनं मोराला आणि विंचवाला क्रमांक दिले. वाकड्या रेघेवर मात्र समिती अडून बसली.

"आवो, त्ये काय बी न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "टोचताना मी रडले, हात हिसकला."

इतिवृत्तात नोंद झाली: क्रियापद. अर्थ, रडणे.

ज्यावर लिपी असते ते हस्तलिखित, असा ठराव झाला. हस्तलिखित तालुक्याबाहेर न्यायला मनाई, असाही झाला. सोजरबाईंना त्याचं काय! पण त्यांची नात गौतमी, आईमागं त्यांनीच पदराखाली वाढवलेली पोर, दौंडला बापाकडं होती आणि रविवारी तिची हळद होती. पहिली हळद आजीनंच लावायची, असा दोघींचा शब्द होता.

"खुशाल जा आजी," शंकरराव मायेनं म्हणाले. "फक्त उजवा हात इथं ठेवा."

"त्यो कसा ठिवू? खुंटीला अडकवू?"

"मूळ प्रत आहे ती. हवं तर साक्षांकित झेरॉक्स न्या."

नवनाथनं खरोखरच त्यांचा हात मशीनवर दाबून, शिक्का मारून झेरॉक्स दिली.

"झेरॉक्सनं हळद लावू व्हय रं, मुडद्या?" म्हातारी नवनाथवर कडाडली.

अखेर मध्यममार्ग निघाला. हात कोपरापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाखेनं सीलबंद केला आणि राखणीला नवनाथ दिला. वरात भीमेचा पूल ओलांडून दौंडला पोचली.

गौतमी पाटावर बसली होती. आजीचा पिशवीतला हात बघून तिचा चेहरा पडला. "डाव्या हातानं लाव, आजी," ती हळूच म्हणाली.

"पोरीला डाव्या हातानं हळद? मी काय मेले का?" सोजरबाईंनी दातानं पिशवी टराटरा फाडली, हात वाटीत बुडवला आणि नातीच्या गालांवरून, कपाळावरून, गळ्यावरून फिरवला. दोघी ढसाढसा रडल्या. नवनाथही रडला, पण तो कर्तव्यावर असल्यामुळे ते अधिकृत धरलं गेलं नाही.

त्यानं अहवाल तेवढा दिला: मोर पिवळा, विंचू पिवळा, क्रियापद वाचता येत नाही. समितीनं हस्तलिखित बाद केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळली.

वाचकहो, एवढा मोठा ठेवा हळदीत गेला म्हणून तुमच्याही मनात क्षणभर "अरेरे" आलं असेल, तर समितीत एक जागा रिकामी आहे. हातमोजे आपापले आणावेत.