बाबल मेस्त्रींचा अस्तराचा उपास

बाबल मेस्त्रींच्या गॅरेजात पाय ठेवला की पहिला प्रश्न गाडीचा नसायचा.

"बांगडो खाल्लंस?"

आता मालवणात दुपारी माणसाला हे विचारायचं म्हणजे काय! हो म्हटलं की बोट बाहेरच्या नळाकडे. "साबणान धुव्न ये. तेलकट हात पत्र्याक लागलो तर अस्तर धरूचा नाय." अस्तर म्हणजे प्रायमर. ज्या दिवशी तो मारायचा, त्या दिवशी मेस्त्री स्वतः मासळीला शिवायचे नाहीत. वरणभात. कोणी विचारलंच, आज कसला उपास, तर म्हणायचे, "पत्र्याचो."

खारा वारा आमच्या गाड्या खातो. मी तारकर्लीत पाहुण्यांना फिरवायचो, त्या माझ्या मारुतीच्या दाराची कडही त्याने पोखरली होती. माझ्या बायकोचे, सुनंदाचे, दिवस भरत आले होते, म्हटलं त्याआधी उरकून घेऊ. मेस्त्रींनी गंज खरवडला, पॉलिश पेपरने जुन्या रंगाच्या कडा अशा उतरवल्या की कुठे रंग संपतो नि कुठे पत्रा लागतो, कळू नये. मग थिनरचं फडकं. काचांना पेपर चिकटवले. "उघडो पत्रो म्हणजे उघडी जखम," म्हणाले. "वारो लागाच्या आधी झाकूक होयी." हातात स्प्रेगन घेतली, आणि नेमका मी धापा टाकत पोचलो.

सुनंदाला कळा सुरू झाल्या होत्या. वाडीतली एकुलती एक रिक्षा भाडं घेऊन गेलेली. मी दारात उभा. गाडी मागायची कुठल्या तोंडाने? ह्या माणसाने एकदा पत्र्यावर नुसता शिंकला म्हणून सख्ख्या मेव्हण्याला हाकलला होता!

मेस्त्रींनी माझा चेहरा बघितला, गन खाली ठेवली आणि काचेवरचे पेपर टराटरा फाडले. "बघतंस काय मेल्या? चावी गाडयेतच आसा!"

"पण मेस्त्री, पत्रो..."

"पत्रो परत घासतलंय. कळा थांबतत काय?"

स्टिअरिंग मी धरलं, ते स्वतः शेजारी बसले. घरी सुनंदा गाडीत चढताना तिचा हात नेमका त्या उघड्या जागेवर पडला. मी चटकन मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री म्हणाले, "धर गो बाय, घट्ट धर." आणि कुडाळच्या दवाखान्याच्या वाटेवरचं चौके गाव आलं नाही तोच, "इलाच बघ कुडाळ," हे पालुपद! वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मात्र शिव्या मी खाल्ल्या.

वेळेवर पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. संध्याकाळी मुलगी झाली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू? अजून सुचलेलं नाही.

दवाखान्याबाहेर भुरभुर पावसात पत्र्यावर तांबूस झाक चढली होती. मेस्त्रींनी तिकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून घासलं.

गाडी आणायला गेलो तेव्हा पेढे दिले. पेढा त्यांनी खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला. घरी ते एकटेच असत.

"चेडवाक आजो आसा?"

"नाय मेस्त्री. माझो बापूस गेलो, सुनंदाचोय गेलो."

त्यांनी मान खाली घातली. मग, ह्या दांडग्या माणसाचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मगे... आजो म्हणान मी चलतलंय काय?"