बाळराजांचे सिंहासन फिरवण्याचा मुहूर्त

ज्याचे नाव घेताच टाळ आपोआप हाती येतात त्या सावळ्यास आधी दंडवत, मग त्याच्या दासांस, मग ऐकणार सज्जनांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी शुद्ध पक्षी एका संस्थानात जे वर्तमान घडले ते जसे ऐकिले तसे लिहिले आहे. संस्थानाचे नाव पुसू नये. नदीकाठी आहे, टेकडीवर कुलस्वामीचे देऊळ आहे आणि दर एकादशीस तेथे कीर्तन होते, इतके पुरे.

ते समयी संस्थानी श्रीमंत त्र्यंबकराव दादासाहेब राज्य करीत होते. राज्य म्हणजे चार खोल्या, पुढे अंगण, दोन आंबे आणि एक बिनघोड्यांचा पांढरा रथ, ज्यास रयत गाडी म्हणते. दादासाहेब मोठे भाविक आणि कीर्तनाचे बहुत वेडे, उत्तररंग रंगला की डोळ्यांस धारा लागाव्या आणि उपरण्याचे टोक भिजून जावे, परंतु रथाचे चाक म्हणाल तर अडतीस वर्षांत दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. त्यांचे चिरंजीव परमुलुखी मोहिमेवर गेलेले आणि सूनबाई वैजयंतीबाईसाहेब नातू नीलकंठराजे यांसह थोरल्या शहरी राहात, महिन्यातून दोन दिवस संस्थानी येत. नातवास सारे बाळराजे म्हणत. दादासाहेबांनी गाडीच्या मागल्या बाकावर बाळराजांसाठी नवे सिंहासन पट्ट्यांनी जखडून ठेविले होते, त्याचे तोंड मागल्या काचेकडे आणि पाठ सारथ्याकडे. दादासाहेब स्वतः स्टेशनावर आणावयास जात आणि स्वतः पोचवावयास जात, आणि वर्षभर बाळराजांनी मागली काच पाहिली, रस्ता पाहिला, मागून येणारे टेम्पो पाहिले, परंतु चाकापाशी बसलेले आजोबा काही पाहिले नाहीत. मग दोन दिवसांत आजोबांनी उचलून घेऊ जावे तो बाळराजांनी ओठ काढावा, मान फिरवावी आणि गनीम दिसल्यासारखा आकांत मांडावा. हे दादासाहेबांच्या मनास फार लागले. बोलले कोणापाशी नाहीत.

पुढे बाळराजांस वर्ष पुरे होऊन टेकडीवरल्या देवळी जावळाचा दिवस नेमला. या संस्थानी रीत अशी की लेकराचे सर्व काही दिवस मोजून करावे. बारशास बारावा दिवस, उष्टावणास सहावा महिना, जावळास पहिले वर्ष. त्याच हिशेबाने दादासाहेबांनी मनाशी धरिले की वर्ष भरले म्हणजे गाडीतही तोंड पुढे फिरवावयाचे, आणि भटजींकडून त्याचाही मुहूर्त काढविला, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे, आणि आमंत्रणपत्रिकेत जावळाच्या वर एक ओळ घातली की, 'चि. नीलकंठ यांचे गाडीतील मुखपरिवर्तन.' भटजींनी पोथीत असे काही सापडत नाही म्हणून डोके खाजविले, परंतु दादासाहेबांची मर्जी मोडवेना, मग जावळाचाच मुहूर्त थोडा पुढेमागे करून दिला.

नेमल्या दिवशी अंगणात रथ झेंडूच्या माळांनी सजविला, मामाराजे नवा सदरा घालून आले, शेजारपाजारची दहा माणसे जमली, आणि दादासाहेब बाह्या सारून सिंहासनाच्या पट्ट्या सोडू लागले. तो सूनबाई बाळराजांस कडेवर घेऊन पायरी उतरल्या आणि म्हणाल्या, "मामंजी, जावळ करा, हार घाला, काय हवं ते करा. पण सीट फिरवायची नाही."

दादासाहेब म्हणाले, "सूनबाई, वर्ष झालं पोराला."

"झालं ना. पण सीट वर्ष विचारत नाही, वजन आणि उंची विचारते. हे बघा, बाजूलाच चिकटवलंय." आणि त्यांनी सिंहासनाच्या कुशीस लाविलेली सनद बोट ठेवून वाचून दाखविली की, मागे तोंड करून अठरा किलोपर्यंत बसवावे, आणि टाळू पाठीच्या वरल्या कडेखाली दोन बोटे राहील तोवर बसवावे. "हा दहा किलोचा आहे. डोक्यावर अजून वीतभर जागा आहे. डॉक्टरांनीही सांगितलंय, वर्षाचं मूल फिरवायचंच नाही, दोन वर्षं तर सहज जातील, आणि पुढेही सीटमध्ये मावेल तोवर असाच."

"पाय बघ की त्याचे. गुडघे दुमडून बसतो बिचारा. जगाकडे पाठ करून."

तेव्हा दादासाहेबांच्या कुटुंब यमुनाकाकू ओसरीवरून बोलल्या, "अहो, तुम्ही कीर्तनात तीन तीन तास मांडी घालून बसता, तुमचे पाय दुखले का कधी? त्याचे बरे दुखतील."

शेजारी हसले, आणि दादासाहेबांचा चेहरा उतरला, आणि घड्याळात आठ वाजून पस्तीस मिनिटे झाली. आता पाच मिनिटांत राज्याचा शब्द राहतो की सुनेचा, असा पेच पडला.

ते समयी अंगणात हरिभक्तपरायण विश्वंभरबुवा चहा घेत होते. देवळात त्यांचेच कीर्तन व्हावयाचे होते. दादासाहेबांनी त्यांस हात जोडून म्हटले, "बुवा, तुम्ही सांगाल ते प्रमाण. लेकराने देवाकडे तोंड करून जावे की पाठ करून?"

बुवांनी बशी खाली ठेविली, उपरणे सावरले आणि नारदाच्या गादीवर उभे राहावे तसे उभे राहिले. "दादासाहेब, देवाला मागली काच आणि पुढली काच सारखीच. मानेचं मात्र तसं नाही. तीन सालांमागे मी पुढे तोंड करून, पट्टा लावून, मोठ्या ऐटीत गाडीत बसलो होतो. समोर म्हैस आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. पट्ट्याने धड धरलं, पण डोकं सुटं, ते गेलं पुढे आणि आलं मागे. तीन महिने मी कीर्तनात मान डोलावू शकलो नाही. तबलजी समेवर यायचा आणि मी खांबासारखा उभा. लोक म्हणायचे, बुवांना गर्व झाला."

यावर मोठा हशा झाला. बुवा थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ही चोपन्न वर्षांची मान. या लेकराची मान अळूच्या देठासारखी, आणि वर डोकं केवढं, ते पाहा. मागे तोंड असलं म्हणजे धक्का बसला तरी पाठ, मान, डोकं सगळं त्या सीटच्या कुशीत एकदम दाबलं जातं, आई पाठीवर हात ठेवते तसं. पुढे फिरवलं की तो हात काढून घेतला." मग जवळ येऊन, दुसऱ्यास ऐकू न जाईल असे विचारिले, "पण दादासाहेब, तुम्हांला खरं काय हवंय?"

दादासाहेबांनी हातातला पट्टा एकदा ओढिला, एकदा सैल सोडिला. मग बोलिले ते बुवांस बोलिले, परंतु सूनबाई जवळच होत्या. "महिन्यातून दोन दिवस येतो. त्यातला निम्मा वेळ गाडीत. माझी पाठ त्याला, त्याची पाठ मला. घरी उचललं की रडतो. पुढे तोंड असतं तर आरशात तरी दिसलो असतो. टोपी तरी ओळखली असती."

यमुनाकाकूंनीही थट्टा केली नाही. मग सूनबाईंनी दादासाहेबांच्या हातून पट्टा घेतला, होता तसा घट्ट बसविला, बाळराजांस सिंहासनावर बसवून बक्कल लाविले, आणि हात पुढे करून म्हणाल्या, "मामंजी, किल्ली द्या. गाडी मी चालवते. तुम्ही त्याच्या शेजारी बसा."

आता हे मागणे लहान नव्हे. अडतीस वर्षांची सत्ता. दादासाहेबांनी किल्ली खिशातून काढिली, पुन्हा खिशात घातली, पुन्हा काढिली आणि म्हणाले, "चढावर दुसरा गिअर."

"हो."

"वळणावर हॉर्न."

"हो मामंजी."

"आणि क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही."

"अहो, बसा आता," यमुनाकाकू म्हणाल्या, "मुहूर्त निघून चाललाय."

आणि बरोबर आठ वाजून चाळीस मिनिटांनी दादासाहेब मागल्या बाकावर चढले, स्वतःचा पट्टा लाविला, आणि बाळराजांच्या डोळ्यांपुढे यावे म्हणून तिरके वळून बसले. स्वारी निघाली. बाळराजांनी प्रथम ओठ काढिला. मग दादासाहेबांनी हलक्या हाताने टाळी धरून विठ्ठल विठ्ठल म्हणावयास आरंभ केला, आणि बाळराजांनी ओठ आत घेऊन ऐकिले, आणि नदीचा पूल येईतो टक लावून मिशा पाहिल्या, आणि पूल संपता टाळीवर टाळी दिली, बेतालच, परंतु दिली. चढ लागला, सूनबाईंनी दुसरा गिअर घातला की तिसरा, हे दादासाहेबांस आजतागायत ठाऊक नाही.

देवळी पोचल्यावर न्हावी वस्तरा लावून सज्ज होता. जावळ मामाच्या मांडीवर व्हावे ही रीत, म्हणून मामाराजे पाटावर बसले आणि हात पुढे केले. तो बाळराजांनी आजोबांची मिशी एका मुठीत आणि सदरा दुसऱ्या मुठीत असा धरिला की सुटेना, आणि मामाराजांकडे पाहून आकांत मांडिला. सर्वांनी मिळून मसलत केली. शेवटी दादासाहेब पाटावर बसले, बाळराजे त्यांच्या मांडीवर, आणि मामाराजांनी मानाखातर नुसते डोके धरिले. दादासाहेबांच्या डोळ्यांस धारा लागल्या. बुवा म्हणाले, "दादासाहेब, कीर्तन अजून सुरू व्हायचंय."

सारांश हा की, जावळ यथासांग पार पडले, मामाराजांचा रुसवा दोन पुरणपोळ्यांनी निघाला, बाळराजांचे सिंहासन होते तसेच मागे तोंड करून राहिले, आणि सनदेत लिहिलेले वजन वा उंची भरेतो तसेच राहील असा ठराव संस्थानी कायम झाला. मुख फिरले ते आजोबांचे, आणि ते आनंदात आहेत. वाचणारांच्या लेकरांस सावळा सांभाळो, आणि पट्टा घट्ट आहे की नाही हे मात्र ज्याचे त्याने पाहावे. इति वर्तमान समाप्त.