गुलमंडीतला सरकारी भाव

"तूर डाळ?" सुलेखाने विचारलं.

"एकशे दहा," शिवशंकरशेठ म्हणाले आणि त्यांनी नजर पंख्याकडे वळवली.

सुलेखाची टॅबवरची बोटं थांबली. मागच्या महिन्यात याच दुकानात, याच डाळीचा भाव तिने एकशे अडतीस लिहून घेतला होता. मधल्या काळात डाळ स्वस्त झाल्याचं तिच्या स्वयंपाकघराला तरी कळलं नव्हतं.

सुलेखाचं काम महागाई मोजायचं. सरकारसाठी हे काम करणाऱ्या एका खासगी संस्थेने तिला कंत्राटावर घेतलं होतं. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे आणि टॅबमध्ये भरायचे. असे सगळीकडचे भाव गोळा होऊन शहराच्या महागाईचा आकडा निघायचा. काम सोपं होतं, फक्त दुकानदारांचा तिच्यावर विश्वास नव्हता. सरकारच्या नावाने कुणी भाव विचारतंय आणि त्यामागे धाड नाही, ही गोष्ट शिवशंकरशेठच्या तीन पिढ्यांनी पाहिली नव्हती. त्यामुळे ते दर महिन्याला भाव थोडा कमी सांगत आणि सुलेखा पोत्यात खोचलेल्या पाटीवरचा भाव गुपचूप लिहून घेई. दोघांचंही त्यावर बरं चाललं होतं. पण या खेपेला डाळीच्या साठ्यांवर छापे पडणार अशी आवई उठली होती आणि शेठनी पाट्याच काढून टाकल्या होत्या.

"शेठ, खरं सांगा. मी टॅक्सवाली नाही."

"खरंच सांगतोय मॅडम. आपल्या दुकानात खोटं चालत नाही."

"ओ सावकार, थांबा की जरा!" मागून आवाज आला.

दौलताबादहून पेरू विकायला आलेल्या मंजुळाबाई रिकामी पाटी बगलेत धरून उभ्या होत्या. पेरू संपवून त्यांनी आत्ताच किलोभर तूर डाळ घेतली होती आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता त्यांचे कान इकडे होते.

"मला एकशे चाळीस लावले ना आत्ता? अन् हिला एकशे दहा? मी काय निजामाच्या खजिन्यातून आणायलेय व्हय?"

"मावशी, तसं नाही. यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं? हिच्या घरची चूल वरून पेटती का?"

शेठ घामाघूम झाले. एकीकडे सरकार उभं होतं, दुसरीकडे गिऱ्हाईक. दोघांनाही पटेल असं काहीतरी सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं, पण ते नको ते सुचलं.

"मावशी, तो सरकारी भाव आहे!"

त्याच वेळी फकिरा हमाल पाठीवर साखरेचं पोतं घेऊन दुकानात शिरत होता. 'सरकारी भाव' हे शब्द कानावर पडताच त्याने पोतं उंबऱ्यातच टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून हाळी दिली, "ओ भाई, आजाव रे! शिवशंकरशेठके दुकान पे सरकारी भाव लगा! तूर एकशे दहा!"

दहा मिनिटांत दुकानासमोर रांग लागली. रांग कशाची आहे हे मागच्यांना माहीत नव्हतं, पण रांग आहे म्हणजे काहीतरी मिळतंय, एवढं त्यांना पुरेसं होतं. सुलेखाच्या हातातला टॅब बघून लोक तिच्यापुढेच अंगठे नाचवायला लागले.

"मॅडम, आधार लागतं का?"

"अंगठा कुठं लावायचा?"

"अहो, मी काही वाटप करायला आले नाही," सुलेखा स्टुलावर चढून सांगायला लागली. "मी भाव ठरवत नाही. दुकानदार सांगतात तो भाव मी फक्त लिहून घेते."

"मग लिव्हा की एकशे दहा!" मंजुळाबाई म्हणाल्या.

"शेठ म्हणाले तर लिहिते."

सगळी रांग शेठकडे बघायला लागली. शेठ सुलेखाच्या कानाशी वाकले. "मॅडम, काहीतरी करा. माझी खरेदीच एकशे पंचवीसची आहे."

"मग खरा भाव सांगा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"तुम्ही काय लिहाल?"

"तोच. खरा."

"आणि मग धाड?"

"धाड नाही हो, शेठ!"

"धाडवाले असंच म्हणतात," शेठ म्हणाले. त्यांनी एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा टॅबकडे बघितलं आणि तुटक्या आवाजात जाहीर केलं, "एकशे दहा. एकाला एकच किलो."

डाळ वाटली जाऊ लागली. मंजुळाबाईंनी आधी आपले तीस रुपये परत मिळवले आणि मग रांगेची व्यवस्था हातात घेतली. कुणी मधे घुसलं की त्या रिकाम्या पाटीने ढोसून त्याला मागे ढकलत. रांगेतली माणसं सुलेखाशेजारून सरकताना आपापली महागाई तिला सांगून जात होती. एकीचं खोलीभाडं वाढलं होतं. एकाच्या पोराच्या क्लासची फी वाढली होती. छावणीतून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याच्या गोळ्या दुप्पट झाल्या होत्या.

"हे बी लिव्ह माय."

"बाबा, माझ्याकडे फक्त किराणा आहे. औषधांचं दुसरं माणूस लिहितं."

"त्यो नाय येत आमच्याकडं," म्हातारा म्हणाला आणि पुढे सरकला.

पोतं तळाला लागलं तेव्हा मंजुळाबाईंनी सुलेखाला कोपराने ढोसलं. "अगं, तू बी घे की किलोभर."

सुलेखाच्या पर्समध्ये पैसे होते आणि घरचा डाळीचा डबा कालच रिकामा झाला होता. पण ज्या दुकानात भाव लिहायचा, तिथे त्या दिवशी खरेदी करायची नाही, अशी संस्थेची ताकीद होती.

"मला चालत नाही, मावशी."

"का? सरकार जेवत नाय व्हय?"

सुलेखा पुढच्या दुकानाकडे निघाली. तिथे तिला तेल, साखर आणि साबणाचे भाव घ्यायचे होते. दारात पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर अख्खी रांग तिच्यामागे आली होती. पुढे मंजुळाबाई होत्या.

"इचार," त्या म्हणाल्या. "तेलाचं इचार आधी."

"मावशी, तुम्ही घरी जा ना!"

"शेवटची गाडी सांजच्याला हाय. तू इचार!"

त्या दुकानदाराने टॅब बघितला, टॅबमागची शंभरेक माणसं बघितली आणि तेल पंधरा रुपयांनी उतरवलं. मागून ओरडा झाला, "आता साबण!" साबणही उतरला. तिसऱ्या दुकानात सुलेखाने तोंड उघडण्याआधीच मालकाने हात जोडून, "मॅडम, तुम्हीच सांगा काय लिहायचं ते," म्हटलं. चौथ्याने शटर ओढलं, पण बाहेरून इतकी थापटाथापटी झाली की त्याने ते अर्धं वर करून वाकून साखरेचा भाव सांगितला, तोही चाळीसच्या आत. गेली तीन वर्षं भाव विचारताना सुलेखाला दुकानदार बसायलासुद्धा सांगत नव्हते. आज तिच्या शब्दासरशी बाजार उतरत होता आणि तिला रडू येत होतं.

संध्याकाळी पुण्याहून प्रणयसरांचा फोन आला. सर म्हणजे तिचे पर्यवेक्षक. वयाने तिच्याहून लहान. गुलमंडी त्यांनी फक्त स्क्रीनवर बघितलेली.

"मॅडम, तुमच्या सगळ्या नोंदी लाल दाखवतायत. एका महिन्यात एवढी घसरण कशी?"

सुलेखाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. "सर, हे भाव खरे नाहीत. लोक घाबरले म्हणून उतरले. उद्या परत जाऊन घेते."

"ठरलेला दिवस बदलता येत नाही. मला एवढंच सांगा, त्या भावाने विक्री झाली का?"

"झाली, पण..."

"म्हणजे तो बाजारभाव झाला."

"सर, शेठनी रडत विकली!"

"मला समजतंय, मॅडम. पण रडण्याला आपल्याकडे कॉलम नाही. फार तर शेरा लिहा."

तिने शेरा लिहिला, 'दुकानदाराने भाव कमी केला तो केवळ धाडीच्या भीतीने. खरा भाव एकशे चाळीस.' शेऱ्याच्या चौकटीत एवढं मावत नव्हतं. यंत्राने मावेल तेवढं ठेवलं. 'दुकानदाराने भाव कमी केला.' लाल नोंदी हिरव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीने आदल्या दिवसाचं नुकसान भरून काढायला घेतलं. डाळ, तेल, साखर, सगळंच चढलं आणि चढलेलंच राहिलं. चौकात मात्र एका पुढाऱ्याचा फलक लागला, 'महागाई उतरवून दाखवली!' खाली हात जोडलेला मोठा फोटो होता. फलकाच्या सावलीत फकिरा हातगाडी लावून बिडी ओढत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "पहिली हाळी आपुनने दी थी."

आठवड्याने सुलेखा पिशवी घेऊन शिवशंकरशेठकडे गेली.

"तूर डाळ?"

"मॅडम, लिहायला आलात की घ्यायला?"

"घ्यायला."

"मग एकशे साठ."

"शेठ!"

"मॅडम, त्या दिवशी तुमच्या टॅबनं माझं पोतं खाल्लं. मी ते कुणाकडून काढू? सरकारकडून?"

सुलेखाने अर्धा किलो घेतली.

पुढे शहराचा आकडा जाहीर झाला, त्याच दुपारी प्रणयसरांनी सगळ्या भाव गोळा करणाऱ्यांना ऑनलाइन मीटिंगला बोलावलं. यंदा मानधन वाढेल, अशी सगळ्यांना आशा होती. सर खुशीत होते.

"मानधनवाढ आपण शहराच्या महागाईप्रमाणे देतो, हे तुम्हाला माहीतच आहे. छत्रपती संभाजीनगरचा आकडा खाली आलाय. त्यामुळे तिथे यंदा वाढ नाही. सुलेखा मॅडम, अभिनंदन! तुमचं शहर स्वस्त झालं."

"सर, तो आकडा चुकीचा आहे. मीच भरलाय तो."

"तुम्हीच भरलाय ना? मग तुमची तरी हरकत नसावी," सर म्हणाले आणि पुढच्या शहराकडे वळले.

सुलेखाने मोबाइल उपडा ठेवला. मग उठून तिने कुकर लावला. बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, टीव्हीवर बातम्या बघत होत्या. कुकर गार झाला तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सुलेखा, ऐकलंस का गं? आपल्या शहरात महागाई कमी झाली म्हनं. डाळ, तेल, समदं उतरलं."

"व्हय, आत्या."

"मग आज वरण जरा घट्ट कर की. लई दिवस झाले पाणीच पितोय आपण."

सुलेखाने कुकर उघडून डाळीकडे बघितलं. चार माणसांची डाळ तळाशी बसली होती.

सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, बोलत का नाईस? खोटं सांगायलेत का टीव्हीवाले?"

"त्यांना काय ठावं, आत्या? त्यांना कुणीतरी सांगितलं असंल."

"व्हय, ते बी खरंच," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ज्यानं सांगितलं त्याच्या घरी असंल बाई स्वस्ताई."

"असंल," सुलेखा म्हणाली आणि तिने डाळीत तांब्याभर पाणी ओतलं.