दगड मागे द्यायचा नाही

एलिकेम अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालायला बाहेर आला आणि त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, यायराने, दाराला आतून कुलूप लावून टाकलं.

"शेळी आत येते ना!" तिने खिडकीतून कारण सांगितलं.

कारण अगदी बरोबर होतं. पण शेगडीवर चवळी रटरटत होती, खिडक्यांना लोखंडी गज होते आणि यायराची आई केटा गावच्या बाजारात गेली होती.

"घाबरू नकोस," एलिकेम म्हणाला. शाळेत गणित शिकवणारा माणूस; समजावून सांगण्यात त्याचा हात कोण धरणार? "चावी डावीकडे फिरव."

"डावीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?"

"तुझ्या."

"खट् झालं!"

"शाब्बास! आता आणखी एकदा."

"पुन्हा खट् झालं!"

दार ढिम्म हललं नाही. दोनदा फिरणारं कुलूप तिने एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवलं होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारची फाफा धावत आली. तिच्या मागोमाग अंगणातली पोरं आणि घरमालक एफो कोर्कू. "दार तोडायचं नाही हां, सांगून ठेवतो! आता असलं लाकूड मिळत नाही."

"तुमचं लाकूड घाला चुलीत! पोर आत आहे," फाफा म्हणाली.

"यायरा, शेगडीला हात लावू नकोस!" एलिकेम ओरडला.

तोवर यायराच्या मनात शेगडी आलीच नव्हती. आता ती बघायला निघाली. "नको!" सगळे एकदम किंचाळले. यायरा दचकली, टेबलाखाली शिरली आणि तिने भोकाड पसरलं.

"रोज आकडे गिरवायला बसवतोस पोरीला," एफो कोर्कू म्हणाले, "आणि साधी चावी फिरवता येईना?"

"खेळायलाही सोडत नाहीस," फाफाने भर घातली. "काल दगडांच्या खेळाला बोलावलं, तर म्हणे अभ्यास आहे!"

एलिकेमने कपाळ गजांना टेकवलं.

मोठ्यांचं भांडण ऐकून पोरं कंटाळली. ती पायरीजवळ गोल करून बसली आणि खेळायला लागली. "घे गं घे, पुढं दे" या गाण्याच्या ठेक्यावर प्रत्येकाने समोरचा दगड उचलायचा, शेजाऱ्यापुढे आपटायचा. टक्, टक्. टेबलाखालचं रडणं हळूहळू थांबलं. मग दारामागून आवाज आला, "मला पण घ्या!"

"दार बंद आहे ना!"

यायरा विचारात पडली. "ए, दगड मागे द्यायचा नसतो ना?"

"नाहीच! मागे दिला तो बाद."

"मी मघाशी चावी मागे दिली."

एलिकेमचा आ वासलेलाच राहिला. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला तरी कुठे सुचलं होतं?

"थांबू नका! गात राहा!" म्हणत तोही गोलात घुसला. फाफा बसली, धोतर सावरत एफो कोर्कूही बसले. एलिकेमने डोळे मिटले, तो चुकीच्या सुरात गायला लागला, आणि दोन दगड त्याच्यापुढे साठले.

"फिरव यायरा, पुढंच फिरव!" तो जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"बाबा, दे ना लवकर! तुझ्यामुळे सगळ्यांचं अडलंय."

त्याने डोळे उघडले. यायरा त्याच्या शेजारी मांडी घालून, हात पुढे करून बसली होती. मागे दार सताड उघडं होतं.

त्याने तिला छातीशी घट्ट धरलं. ती हात सोडवून घेत म्हणाली, "आधी दगड!"

तेवढ्यात करपलेल्या चवळीचा वास आला आणि एलिकेम घाईघाईने उठला.

"बाबा उठला!" यायरा टाळ्या पिटत ओरडली. "बाद!"