चार बोटं वर

माणूस मूळचा धाडसी आहे, यात शंका नाही. फक्त शेजारचा काय करतोय, ते त्याला आधी दिसावं लागतं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नेमकी तीच सोय नव्हती. फोन जोडून देणाऱ्या वीस जणी एका रांगेत, बोर्डाला नाक लावून बसत. मान वळवायला मनाई होती (मान वळली की जीभही वळते, असा व्यवस्थापनाचा अनुभव होता). शेजारणीचं कोपर दिसे, तेवढंच.

त्या रांगेत मावशी होत्या. सगळ्याच त्यांना मावशी म्हणत, पण सख्ख्या मावशी त्या एकीच्याच, टोकाच्या खुर्चीवरच्या धाकटीच्या. बहिणीच्या या मुलीला त्यांनीच शब्द टाकून नोकरीला चिकटवलं होतं.

धाकटीनं एके दिवशी संचालकांचा फोन मध्येच तोडला. संचालक मेहुण्याशी सोफ्याच्या कापडाबद्दल बोलत होते, सगळ्या लायनी भरलेल्या होत्या, आणि कुणी एक माणूस ‘बायको अडली आहे, डॉक्टर द्या’ म्हणून ओरडत होता. डॉक्टर वेळेवर पोचले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सोफ्याचा रंग मात्र ठरायचा राहिला, आणि धाकटीला घरी बसवण्यात आलं.

रांगेत कुजबुज सुरू झाली. तेव्हा व्यवस्थापनानं मुख्य बाईंमार्फत जो तोडगा काढला, तसा न्याय आताशा बघायला मिळत नाही. उद्या अकरा वाजता घंटा होईल. धाकटीला परत घ्यावं असं जिला वाटतं, तिनं खुर्चीवरून उठून उभं राहावं. निम्म्याहून जास्त उठल्या, तर धाकटी सन्मानानं कामावर. कमी उठल्या, तर उठलेल्या सगळ्या धाकटीबरोबर घरी. बसून राहणारीला काहीही होणार नाही. (हे शेवटचं वाक्य मुख्य बाईंनी दोनदा वाचलं, कुणाला ऐकू आलं नसलं तर.)

चहाच्या खोलीत मतं अजमावली गेली. शंभर टक्के उठणार होत्या. त्यातल्या नव्वद टक्क्यांना इतरांची खात्री नव्हती.

“मी तर उठणारच बाई,” चष्मेवाली म्हणाली. “ही गाणारी उठली म्हणजे मिळवली.”

“मी? तुला घंटा ऐकू आली तरी पुष्कळ झालं.”

“मी काय म्हणते,” हिशेबी म्हणून ओळखली जाणारी एक होती, ती म्हणाली, “सगळ्याच बसलो तर कुणालाच धोका नाही. नाही का?”

“आणि धाकटी?”

“तिचं व्हायचं ते झालंच आहे ना गं. त्यात आपली भर कशाला?”

या विचाराचा सर्वांनी एकमुखानं निषेध केला. मग प्रत्येकीनं आपापला कप जरा जास्तच वेळ विसळला.

संध्याकाळी भाची मावशींच्या घरी आली. “मावशी, तू उठशील ना?”

“हे काय विचारणं झालं?” मावशी म्हणाल्या. आतल्या खोलीत त्यांचा नवरा खोकत होता. त्याची औषधं मावशींच्या नोकरीवर चालत. पण भाचीला आपण कडेवर खेळवलंय, असं म्हणून त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. घंटा झाली. आणि एकोणीसच्या एकोणीस जणी उठल्या.

साधारण चार बोटं.

म्हणजे अंग खुर्चीपासून सुटलं होतं, पण खुर्ची लांब गेली नव्हती. शेजारीण सरळ उभी राहिली, तर आपण उठतच होतो. ती खाली गेली, तर आपण नुसती खुर्ची पुढे ओढत होतो. अशा अवस्थेबद्दल नियमात काहीच नव्हतं. मुख्य बाईही गोंधळल्या. एकोणीस कोपरं हवेत थरथरत होती, गुडघ्यांना कळा लागल्या होत्या. एकीनं कंबर ताठ केली असती, तर सगळी रांग उभी राहिली असती, असं नंतर सर्वांनीच सांगितलं.

तेवढ्यात मावशींच्या समोरचा दिवा लागला. दिवा लागला की वायर उचलायची, आणि वायर उचलायची ती बसून. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या बसल्या. “नमस्कार, कोणता नंबर?”

पलीकडून कुणीतरी किती वाजले ते विचारत होतं.

मावशींचा आवाज ऐकताच बाकीच्या अठरा जणींना कर्तव्याची आठवण झाली.

मोजणीत उभ्या शून्य भरल्या. नियमाप्रमाणे एकीच्याही केसाला धक्का लागला नाही. इतकं सुरक्षित आंदोलन त्याआधी झालं नव्हतं. धाकटी बाकावरून उठली आणि गेली. तिला मात्र पूर्ण उठता आलं.

पुढे एक्स्चेंजच बंद झालं. जुन्या मैत्रिणी वर्षातून एकदा चहाला जमतात. त्या दिवशी आपण उभ्याच होतो, दुसरीच कुणीतरी आधी बसली, हे प्रत्येकीला लख्ख आठवतं. (नंतर नोकरीला लागलेल्या दोघींनाही आठवतं.) एका वर्षी भाचीही आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मी काचेतून बघत होते,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांची डोकी एकदम वर आली. काय आनंद झाला म्हणून सांगू, मावशी. माझा विश्वासच बसेना.”

मावशींनी तिला आणखी चहा हवा का, असं विचारलं.

हे वाचणारे सगळे जण त्या ठिकाणी ताडकन उभे राहिले असते, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. आपल्या ओळखीतलं कोण कोण बसून राहिलं असतं, हेसुद्धा त्यांनी एव्हाना मोजून ठेवलं असेल. त्यांच्या ओळखीतलेही या क्षणी तीच मोजणी करत आहेत.